प्रतिकारशक्ती डब्यात मिळत नाही

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.)

कॅन्सर हा शब्द घरात शिरला की त्याच्या पाठोपाठ दुसरा शब्द येतो. प्रतिकारशक्ती. "तिची प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून झालं." "केमो चालू आहे ना, मग प्रतिकारशक्ती वाढवायला काहीतरी द्या." भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी सुचवून जातो. कुणी काढा, कुणी पावडर, कुणी कुठल्याशा महाराजांचा नंबर. सिंहगड रोडपासून वाघोलीपर्यंत कुठेही फिरा, 'इम्युनिटी बूस्टर'चा एखादा तरी फ्लेक्स दिसतोच.

हे फ्लेक्सवाले हुशार असतात बरं का. 'कॅन्सर बरा करतो' असं ते छापत नाहीत. कारण आपल्याकडे १९५४ सालापासून औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांच्या यादीत कॅन्सरचं नाव आहे. मग शब्द बदलायचा. 'प्रतिकारशक्ती वाढवा, मोठे आजार दूर ठेवा.' वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं आणि कायद्याच्या हातात काही सापडत नाही.

माझ्या ओळखीतल्या एका घरात छातीत गाठ लागल्यावर चार महिने असलाच एक 'कोर्स' चालला. कुणाचं नाव घेत नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेले तोवर गाठ काखेत पोचली होती. गेलेले पैसे माणूस पुन्हा कमावतो. ते चार महिने कुठून आणायचे?

म्हणून आज या शब्दाचाच इतिहास लिहायला घेतलाय. आपल्या रक्तातली पांढरी पेशी कॅन्सरची पेशी मारते, हे खरं आहे. पण ती नेमकं काय करते? आणि हे माणसाला कळलं कसं? ज्या तंत्राने ते कळलं, ते तंत्र भारतात रुजवणारी बाई आपल्या पुण्याची होती. हुजूरपागेत शिकलेली, फर्ग्युसनमध्ये वाढलेली. ती गोष्ट सांगतो, मग तुम्हीच ठरवा त्या डब्यावर किती विश्वास ठेवायचा ते.

सुरुवात पुण्याबाहेरून करू.

१८८२ साली इटलीतल्या मेसिना गावात एली मेचनिकॉफ नावाचा रशियन शास्त्रज्ञ राहत होता. त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात बारीक काटे खुपसले आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी झाली होती. बाहेरून घुसलेल्या वस्तूवर शरीरातल्या काही पेशी स्वतः चालून जातात, तिला घेरतात, गिळायला बघतात, ही कल्पना तिथून निघाली. या गिळणाऱ्या पेशींना पुढे मॅक्रोफेज म्हणू लागले. १९०८ साली मेचनिकॉफला पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञासोबत नोबेल मिळालं. लगेच पुढच्या वर्षी एर्लिशने एक तर्क मांडला, की आपल्या शरीरात बिघडलेल्या पेशी अधूनमधून तयार होतच असणार, पण शरीर त्यांना वेळीच आवरत असणार. पुरावा मात्र त्याच्याकडे नव्हता.

त्याआधी १८९१ मध्ये न्यूयॉर्कला विल्यम कोली नावाच्या सर्जनने वेगळाच प्रयोग सुरू केला होता. कॅन्सरच्या गाठी असलेल्या काही रुग्णांना जंतूंचा जोरदार संसर्ग झाला आणि नंतर गाठ वितळली, अशी उदाहरणं त्याच्या वाचनात आली होती. म्हणून तो रुग्णांना मुद्दाम जंतू, पुढे मेलेल्या जंतूंचं मिश्रण टोचू लागला. काहींना गुण आला, काहींना नाही, काही तापाने दगावले. कुणाला गुण येईल आणि का येईल, ते त्यालाही सांगता येईना. रेडिएशन आणि केमो आल्यावर त्याचं काम मागे पडलं.

अडचण एकच होती. शरीराच्या आत पेशी पेशीला भिडते तेव्हा काय होतं, ते बघायची सोय नव्हती. त्यासाठी पेशी शरीराबाहेर काढून काचेत जिवंत ठेवता आली पाहिजे.

इथे पुणं येतं.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थांच्या घरी एक मुलगी जन्मली, कमल. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं, डॉक्टरशीच लग्न करावं अशी त्यांची इच्छा होती. मुलगी हुजूरपागेतून फर्ग्युसनला गेली, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकली आणि ना डॉक्टर झाली, ना डॉक्टरची बायको. १९३९ मध्ये गणिताच्या ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न झालं आणि ती कमल रणदिवे झाली. १९४३ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एम.एस्सी. केलं. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांची पेशी आणि तिच्यातली गुणसूत्रं. पुरंदरच्या सीताफळाच्या पाट्या आपण मार्केट यार्डात बघतो, त्याच कुळाची झाडं. पेशी कशी दिसते, तिची रचना कशी असते, हे त्यांचे डोळे तिथे शिकले.

मग मुंबई. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं होतं. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे पॅथॉलॉजीचे मोठे नाव. त्यांच्या हाताखाली कमलताईंनी कॅन्सरवर संशोधन केलं आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. खानोलकरांनीच त्यांना पुढे जायला लावलं आणि फेलोशिप घेऊन त्या अमेरिकेला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये गेल्या. तिथे जॉर्ज गाय यांची प्रयोगशाळा होती. माणसाची पेशी काचेत वाढवायची या ध्यासात गाय यांनी वर्षानुवर्षं घालवली होती. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतली पेशी त्यांच्याच प्रयोगशाळेत अखंड वाढू लागली. तीच जगभर गेलेली हेला पेशी. त्या बाईला किंवा तिच्या घरच्यांना कुणी विचारलंही नव्हतं, हा त्या इतिहासावरचा डाग आहे आणि तो सांगितलाच पाहिजे.

कमलताई हे तंत्र शिकून भारतात परत आल्या. तिकडे राहिल्या नाहीत. १९५२ मध्ये उभ्या राहिलेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा सुरू केली. टिश्यू कल्चर म्हटलं की आपल्याला जळगावची केळी आठवतात. तत्त्व तेच, फक्त इथे प्राण्याच्या आणि माणसाच्या पेशी. आणि त्या केळीपेक्षा फार नाजूक. तापमान हललं, एखादी बुरशी शिरली, की महिन्यांची मेहनत ओतून द्यायची. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची जबाबदारीही सांभाळली. स्तनाचा कॅन्सर, संप्रेरकं आणि विषाणू यांच्या नात्यावर काम केलं. कुष्ठरोगावर काम केलं. १९७३ मध्ये महिला शास्त्रज्ञांची संघटना उभी केली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात गेल्या. २००१ मध्ये वारल्या.

पांढरी पेशी कॅन्सरची पेशी कशी मारते, हा शोध कमलताईंनी लावला असं मी म्हणत नाहीये. पण तो शोध ज्या काचेच्या बशीत लागला, ती बशी आपल्या देशात त्यांनी मांडली. आता त्या बशीत काय दिसलं ते बघू.

१९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये मायकेल ॲबरक्रॉम्बी यांनी एक साधी गोष्ट टिपली. निरोगी पेशी बशीत सरकत असतात. दुसऱ्या पेशीला टेकल्या की थांबतात. सगळी बशी भरली की एकच थर होतो आणि वाढ मंदावते. शेजाऱ्याला धक्का लागला की आपण थांबायचं, एवढी शिस्त पेशीलाही असते. कॅन्सरकडे गेलेली पेशी ही शिस्त मोडते. ती शेजाऱ्यावर चढते, थरावर थर रचते. अशा पेशीला शास्त्रज्ञ रूपांतरित पेशी म्हणतात.

आणि रूपांतर फक्त वागण्यात नसतं, घडणीतही असतं. पेशी म्हणजे पाण्याने भरलेला फुगा, असं आपल्याला शाळेत वाटतं. प्रत्यक्षात तिच्या आत दोऱ्यांचा आणि नळ्यांचा सांगाडा असतो. ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे ताणलेले दोर असतात, त्यांच्यावर पेशी पसरून उभी राहते. मांडवाला जसे दोर ताण देतात तसं. १९७०च्या दशकाच्या मध्यात हे दोर रंगवून बघता येऊ लागले, तेव्हा दिसलं की निरोगी पेशीत ते जाड आणि सरळ असतात आणि रूपांतरित पेशीत अनेकदा विस्कटलेले. मांडव ढिला पडलेला. पेशी गोलसर होते, जमिनीवरची पकड सुटते.

आता खरी गंमत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉन हिब्ज यांनी उंदरांना काही जंतूंचा संसर्ग दिला. त्यात बीसीजी लशीतले जंतूही होते. त्या उंदरांच्या मॅक्रोफेज पेशी काढून बशीत एकदा निरोगी पेशींबरोबर आणि एकदा रूपांतरित पेशींबरोबर ठेवल्या. चेतवलेल्या मॅक्रोफेजनी रूपांतरित पेशी मारल्या. निरोगी पेशींना हात लावला नाही. आणि ज्या पेशींची 'टेकलं की थांब' ही शिस्त मोडली होती, नेमक्या त्याच जास्त मरत होत्या. मारण्यासाठी मॅक्रोफेजला चिकटावंही लागत होतं. लांबून काही होत नव्हतं.

बीसीजी म्हणजे तीच लस, जी आपल्याकडे बाळ जन्मल्यावर डाव्या दंडावर टोचतात, जिचा व्रण तुमच्या-माझ्या हातावर आहे. फ्रान्समध्ये काल्मेट आणि गेरँ यांनी १९०८ पासून १३ वर्षं गाईच्या क्षयाचा जंतू वाढवत, सौम्य करत ती तयार केली. १९७६ मध्ये कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी तिचा उपयोग मूत्राशयाच्या वरच्या थरातल्या कॅन्सरवर करून दाखवला. आठवड्यातून एकदा, असं सहा आठवडे, लस नळीने थेट मूत्राशयात सोडायची. आज जगभर हा मान्य उपचार आहे. आणि या कामासाठी लागणारी बीसीजी जगात ज्या थोड्या ठिकाणी बनते, त्यातलं एक ठिकाण आपलं हडपसर. सीरम इन्स्टिट्यूटची ऑन्को-बीसीजी.

आता कुणी म्हणेल, बघा, म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवली की कॅन्सर जातो! थांबा जरा. ही लस दंडात टोचून मूत्राशयाचा कॅन्सर जात नाही. ती गाठीच्या जागी, गाठीला टेकेल अशीच द्यावी लागते. उरलेल्या बहुतेक कॅन्सरवर ती चालत नाही. म्हणजे 'शक्ती' अंगभर वाढवून काम झालं नाही. योग्य पेशी योग्य जागी, योग्य शेजाऱ्याला चिकटल्या तेव्हा झालं.

ही चिकटण्याची गोष्ट पुढे टी-पेशींत अजून स्पष्ट झाली. १९६० मध्येच एका प्रयोगात दिसलं होतं, की दुसऱ्या कुत्र्याची किडनी बसवलेल्या कुत्र्याच्या लिम्फोसाइट पेशी, दात्या कुत्र्याच्या पेशींना बशीत मारतात. १९७० ते १९९० या वीस वर्षांत ते कसं घडतं याचं चित्र पूर्ण झालं. ते असं.

टी-पेशी समोरच्या पेशीला चाचपते. तिच्या आवरणावर आतल्या प्रथिनांचे तुकडे मांडून ठेवलेले असतात, म्हणजे दारावरची पाटीच समजा. पाटी ओळखीची आणि ठीक असेल तर टी-पेशी पुढे जाते. पाटीवर काही भलतंच असेल तर ती घट्ट चिकटते. मग तिचा स्वतःचा सांगाडा हलतो. ॲक्टिनचं कडं तयार होतं, नळ्यांचं केंद्र सरकून थेट चिकटलेल्या बाजूला येतं आणि त्या नळ्यांवरून विषाच्या पिशव्या नेमक्या त्या फटीत रित्या होतात. त्यातलं परफोरिन समोरच्या आवरणाला भोकं पाडतं, मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपासची. त्या भोकांमुळे ग्रॅन्झाइम नावाची प्रथिनं आत शिरतात आणि पेशीला स्वतःलाच मोडायला लावतात. शेजारच्या निरोगी पेशीला ओरखडा नाही. मारणारी टी-पेशी सुटते आणि पुढच्या दाराकडे जाते.

यात 'शक्ती' कुठे आहे? ओळख आहे, पकड आहे, नेम आहे.

२१व्या शतकात यात आणखी एक पान जोडलं गेलं. २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या छातीतल्या पाण्यातून पेशी काढून अतिशय बारीक सुईने दाबून पाहिल्या. पसरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून अधिक मऊ निघाल्या. २०१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये, कोली पुढे ज्या हॉस्पिटलात काम करायचा त्याच्याच आजच्या रूपात, असं दिसलं की टी-पेशी चिकटल्यावर समोरच्या पेशीला दाबते, ओढते, आणि आवरण ताणलेलं असलं की परफोरिन जास्त चांगलं काम करतं. आता दोन्ही जोडून बघा. ताणलेल्या ताडपत्रीला भोक पाडणं सोपं. लोंबत्या गोधडीला अवघड. मऊ कॅन्सरपेशी टी-पेशीच्या तावडीतून निसटते त्याचं एक कारण हे. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये उंदरांवर असं दाखवलं गेलं, की कॅन्सरपेशीच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल कमी करून ती कडक केली की टी-पेशींचा उपचार जास्त लागू पडतो. (हे वाचून घरातलं तूप बंद करू नका. ते पेशीच्या आवरणाबद्दल आहे, तुमच्या वरणभाताबद्दल नाही. आणि उंदरांत.)

हा सगळा प्रवास सरळ झाला असंही नाही. एर्लिशचा जुना तर्क १९५०च्या दशकात बर्नेट आणि थॉमस यांनी पुन्हा मांडला, की शरीर बिघडलेल्या पेशींवर सतत पहारा ठेवतं. १९७४ मध्ये एका प्रयोगाने त्याला धक्का बसला. जन्मतः टी-पेशींची वानवा असलेल्या उंदरांना इतर उंदरांपेक्षा जास्त कॅन्सर झाले नाहीत. पहाऱ्याची कल्पना जवळपास मोडीत निघाली. नंतर कळलं की त्या उंदरांत नॅचरल किलर नावाच्या दुसऱ्या मारेकरी पेशी शाबूत होत्या. २००१ च्या सुमारास जास्त काटेकोर प्रयोग झाले आणि पहारा असतो हे पुन्हा सिद्ध झालं. म्हणजे एक कल्पना मांडायला, पाडायला आणि पुन्हा उभी करायला जवळपास शंभर वर्षं लागली. कुणी फ्लेक्स लावले नाहीत. चुकीचं निघालं तेव्हा चुकीचं म्हटलं गेलं. विज्ञानाची शिस्त म्हणतात ती हीच.

आता परत घरी येऊ.

गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस नावाची संस्था आहे. नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स. तिथून रोज जाणाऱ्या पुणेकरालाही आत काय चालतं ते माहीत नसतं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ती सुरू केली. तेव्हाचं नाव होतं नॅशनल फॅसिलिटी फॉर ॲनिमल टिश्यू अँड सेल कल्चर. नावातच काम होतं. देशाची पेशींची बँक. माणसाच्या आणि प्राण्यांच्या पेशी द्रव नायट्रोजनच्या थंडीत जपून ठेवायच्या आणि देशभरातल्या प्रयोगशाळांना पुरवायच्या. जी गोष्ट कमलताईंनी मुंबईत एका प्रयोगशाळेपुरती सुरू केली, तिची देशपातळीवरची सोय पुण्यात झाली. यात बातमी होईल असं काही नसतं. उद्घाटनाची फीत नाही, घोषणा नाही. पण कॅन्सरवरचं औषध तपासायचं तर आधी कॅन्सरची पेशी लागते आणि ती खात्रीची लागते. ती कुठूनतरी यावी लागते.

आणि या पायावर काय उभं राहतं, तेही बघा. टी-पेशीला कॅन्सरची पाटी ओळखता येत नसेल, तर तिला ओळखायला शिकवायचं, ही कल्पना १९८०च्या दशकाच्या शेवटी इस्राएलच्या झेलिग एश्हार यांनी पुढे आणली. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढायच्या, त्यात निष्प्रभ केलेल्या विषाणूमार्फत एक नवं जनुक घालायचं, पेशी वाढवायच्या आणि रुग्णाला परत द्यायच्या. याला सीएआर-टी म्हणतात. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात रक्ताच्या कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली एक सहा वर्षांची मुलगी यातून वाचली. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तिथली तेव्हाची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती.

आपल्याकडे आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर हाच उपचार देशात तयार केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटीत त्याचं लोकार्पण केलं. नाव नेक्सकार१९. कमलताईंची संस्था आता खारघरला ॲक्ट्रेक म्हणून ओळखली जाते, तीही टाटा मेमोरियलचाच भाग. म्हणजे धागा तुटलेला नाही. रुग्णाची पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवायची, वाढवायची, बिघडू द्यायची नाही, हे आजही तेच टिश्यू कल्चर आहे.

या उपचाराच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर माझी पोस्ट आणि तो फ्लेक्स यात फरक काय राहिला? हा उपचार काही ठरावीक रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. स्तन, तोंड, फुप्फुस यांच्या घट्ट गाठींत टी-पेशी शिरू शकत नाहीत, शिरल्या तरी दमतात. आणि टी-पेशी जास्त चेतल्या तर तोच धोका. तीव्र ताप, रक्तदाब ढासळणं, आयसीयू. कोविडमध्ये 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकला, ते वादळ इथेही येतं. संधिवाताचा एक प्रकार, ल्युपस, हे आजार म्हणजे प्रतिकारयंत्रणा आपल्याच पेशींवर उलटल्याचा परिणाम. म्हणजे 'प्रतिकारशक्ती वाढवा' हे वाक्य 'गाडीचा वेग वाढवा' यासारखं आहे. कुठे, किती, कुणासाठी, हे न सांगता दिलेला सल्ला.

आणि पैसे. परदेशी किमतीच्या साधारण दहाव्या हिश्श्यात उपचार, असं कौतुक झालं आणि ते योग्यच आहे. पण तीन-चार कोटींचा दहावा हिस्सा म्हणजे ३०-४० लाख. दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याला, हडपसरच्या कंत्राटी कामगाराला हा आकडा कोटीइतकाच लांबचा. या उपचाराचं ज्ञान सार्वजनिक पैशातून आलं. टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाचं, एनसीसीएस जैवतंत्रज्ञान विभागाची, आयआयटी केंद्राची. तुमच्या-माझ्या करातून. मग त्याचं फळ सरकारी योजनेच्या कार्डावर कधी मिळणार, हा प्रश्न आपण आमदार-खासदारांना विचारायला नको का? निवडणुकीच्या सभेत पाणी, रस्ता, कचरा यांच्याबरोबर हाही विचारा.

तर आता तो डबा. पुढच्या वेळी कुणी तुमच्या घरी प्रतिकारशक्तीचा डबा घेऊन आलं, तर भांडू नका. बहुतेक वेळा तो प्रेमानेच आलेला असतो. त्याला तीन प्रश्न विचारा.

१. यातून नेमकी कोणती पेशी चेतते?

२. ती कॅन्सरच्या पेशीपर्यंत पोचते कशी आणि तिला ओळखते कशावरून?

३. किती रुग्णांवर तपासलं, आणि ज्यांना गुण आला नाही त्यांचा हिशोब कुठे छापलाय?

उत्तर आलं नाही तर डबा फळीवर ठेवा आणि पेशंटला डॉक्टरांकडे न्या. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला ती बहुधा दुखतच नाही. उपचार चालू असताना काढा-पावडर काहीही घ्यायचं असेल तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना डबा दाखवा. काही गोष्टी केमोच्या औषधांच्या कामात खोडा घालतात.

चांगलं जेवण, झोप, तंबाखू सोडणं, हे सगळं हवंच. त्याला कुणी नाही म्हणत नाही. फक्त त्याला कॅन्सरवरचा उपचार म्हणू नका.

सीताफळाच्या झाडाच्या पेशी बघत बसलेल्या पुण्याच्या एका मुलीला १९४३ साली कुणी विचारलं असतं, की याचा उपयोग काय, तर तिला तरी काय सांगता आलं असतं? शिकत राहिली, जिथे तंत्र होतं तिथे जाऊन ते घेऊन आली आणि इथल्या लोकांना शिकवलं. हे काम हळू होतं आणि त्यातलं काही फ्लेक्सवर मावत नाही. पण आज परळला किंवा खारघरला एखादं पोर बरं होऊन घरी जातं, ते या कामामुळे.

पटलं तर घरच्या ग्रुपवर टाका. विशेषतः त्या ग्रुपवर, जिथे रोज सकाळी काढ्याचा फॉरवर्ड येतो.